अर्धा किलो माती

कुठल्याही ऑफिसात चार माणसं वर्षानुवर्षं एकत्र चहा प्यायली की किस्से साचतातच. आमचं तर कामच मातीचं! सकाळी मी टेबल पुसतो आणि दुपारी त्यावर बोटानं नाव लिहिता येईल एवढी धूळ बसलेली असते. किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगून मोकळं व्हावं तर दुसरा तयार.

मी सुधाकर. नागपुरातल्या एका कॉलेजच्या माती-लॅबमध्ये टेक्निशियन आहे, बावीस वर्षं झाली. आमच्या घरची, म्हणजे मंदा, परवा म्हणाली, "हे सगळं एकदाचं लिहून काढा. निदान मले तं दर पाहुण्यासंगं पुन्हा ऐकाव लागनार नाही!" म्हणून बसलोय.

एक आधीच सांगून ठेवतो. शेतातून माती आणताना आम्ही शेतकऱ्याकडून एक फॉर्म भरून घेतो. त्यात पूर्वी दहा रकाने होते. पीक कोणतं, खत कोणतं, पाणी कुठलं, नांगरट कधी, सगळं. आता अकरा रकाने आहेत. अकरावा आमच्या मॅडमनी, म्हणजे लॅबच्या प्रमुखांनी, स्वतःच्या हातानं वाढवला. तो काहून वाढला ते ओघात येईलच. मधे कोणी विचारायचं नाही, माझं डोकं लवकर सटकते.

* * *

आमच्याकडे नेमकं चालतं काय, हे लोकांना समजावणं महाकठीण. माझा साळा एकदा जेवताना म्हणाला, "भाऊजी, तुम्ही मातीतले जंतू पाहता? अन् त्याचा पगार भेटते?"

मी म्हटलं, "हो, भेटते."

तो म्हणाला, "जागा निघाली तं सांगजा."

तर काम असं. चिमूटभर मातीत जंतूंची अफाट गर्दी असते आणि त्यांची घराणी जागेजागेला वेगळी असतात. आमच्याकडे पीएचडी करणारी प्रणाली, मौद्याकडल्या एका खेड्यातली पोट्टी, तिचा सगळा प्रश्नच हा होता, की किती दूर गेलं म्हणजे ही घराणी बदलतात? एक पाऊल? एक वावर? एक तालुका? त्यासाठी नागपूरच्या चारी बाजूंनी माती आणायची, तिच्यातल्या जंतूंचा डीएनए काढायचा आणि कोण कोणाच्या नात्यातलं आहे ते पाहायचं.

हे तिनं जीपमध्ये आमच्या ड्रायव्हरला, गजाननभाऊला, समजावून सांगितलं. मी मागेच बसलो होतो.

"भाऊ, सदरमधे लोक कसे बोलतेत?"

"हिंदी-इंग्लिश झाडतेत."

"अन् गांधीबागेत?"

"तिथं तं नुसते कापडाचे भाव बोलतेत."

"अन् आमच्या मौद्याकडं?"

गजाननभाऊनं आरशातून तिच्याकडे पाहिलं आणि उत्तर गिळलं. जीव सगळ्यांना प्यारा असतो.

"तं मातीचंही तसंच हाय. जरासं दूर गेलं का आतली मंडळी बदलते. किती दूर गेल्यावर किती बदलते, ते मी पाहून राहिली."

पुढच्या सिग्नलला गजाननभाऊ जीप थांबवून मागे वळला आणि म्हणाला, "म्हंजे मातीतही मोहल्ले असतेत!"

पुढच्या सीटवर मॅडम होत्या. त्या ताडकन सरळ बसल्या. "प्रणाली, लिहून घे! वर्षभर मी तुला हेच एका वाक्यात लिहायला सांगते आहे!"

ते वाक्य थोडं सजवून, इंग्रजी करून प्रबंधाच्या पहिल्या पानावर गेलं. गजाननभाऊचं नाव काही गेलं नाही. त्याचा राग त्याच्या मनात अजून आहे.

* * *

पहिल्या खेपेच्या सगळ्या पिशव्या मौद्याकडच्याच. शेषराव नावाच्या शेतकऱ्याचं धानाचं वावर. कडेला एक जुनी बोडी, म्हणजे आमच्याकडे पाण्यासाठी खोदलेलं छोटं तळं असतं ते. बोडीच्या काठाला आम्ही खुंट्या ठोकल्या, दोरी बांधली, मोबाईलवर जागेचा आकडा घेतला. आकडा घेऊन वर पाहतो तर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, अर्धं गाव उभं!

"कोनता रस्ता जाऊन राहिला?" शेषरावनं विचारलं. आवाज शांत होता, पण हातात विळा होता.

मी म्हटलं, "रस्ता नाही हो, आम्ही माती न्यायला आलो."

"पह्यले मातीच नेतेत. मंग मोजनी. मंग नोटीस."

मॅडम समजावू लागल्या, जैवविविधता वगैरे. त्या शब्दानं लोक आणखी चार पावलं पुढे आले. शेवटी गजाननभाऊ जीपमधून उतरला. खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि म्हणाला, "ऐका गा! हे लोकं जंतू पाहाले आले. जमिनीशी यायले काही घेनं-देनं नाही."

"जंतू?"

"हव. कोनाच्या वावरात किती जातीचे हायेत ते सांगतेत."

शेषरावनं विळा खाली केला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "ते पलीकडलं वावर माह्या भावाचं हाय. त्याच्याकडं माह्यापेक्षा जास्त जातीचे निघाले, तं त्याले सांगू नोका."

ही झाली आमची सात नंबरची पिशवी. नंबर लक्षात ठेवा.

* * *

आता माझी स्वतःची फजिती. ही दुसऱ्या कोणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकलेली बरी.

लेबल लावणं हे माझं काम. अक्षर माझं मोत्यासारखं आहे, हे मी म्हणत नाही, मॅडम म्हणतात. शेतातली माती छोट्या पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत भरायची, बर्फाच्या डब्यात ठेवायची, लॅबमध्ये आल्यावर एकेक पन्नी काढून लेबल चिकटवायचं. बावीस वर्षांत माझं लेबल चुकलं नाही, असं मी छातीवर हात मारून सांगायचो.

मे महिना होता. नागपूरचा मे! जीपचं स्टिअरिंग कापडाशिवाय धरता येत नाही असं ऊन. आम्ही तीन गावं फिरून संध्याकाळी परत आलो. मी अर्धवट झोपेत लेबलं लावून टाकली आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी प्रणालीची हाक. "सुधाकरभाऊ, जरा या ना. या बावीस नंबरच्या मातीत सुपारी दिसून राहिली."

मी म्हटलं, काहीतरीच. झाडाचं मूळ असेल.

मॅडम आल्या. पन्नी उघडली, नाकाशी नेली, पुन्हा एकदा नेली. "चुन्याचं प्रमाण चांगलं दिसतंय," म्हणाल्या.

नागपूरच्या माणसाला आता सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटून घोटून जो ऐवज तयार होतो, त्याला खर्रा म्हणतात. उन्हात तो सुकतो म्हणून गजाननभाऊनं तो बर्फाच्या डब्यात ठेवला होता. आणि मी त्यावर माझ्या मोत्यासारख्या अक्षरात गाव, वावर, खोली, तारीख, सगळं लिहून मोकळा झालो होतो!

तेवढ्यात गजाननभाऊ दारात आला. पन्नी पाहिली. त्याचा चेहरा असा झाला, जणू जत्रेत हरवलेलं लेकरू सापडलं.

"अन् मी कालपासून त्याच्यासाठी अख्खी जीप झाडून राहिलो!" तो म्हणाला.

त्या दिवसापासून लॅबमध्ये कुठलाही विचित्र रिपोर्ट आला की मॅडम आधी म्हणायच्या, "खर्रा नाही ना, ते पाहून घ्या." सगळे हसायचे. मीही हसायचो, पण मला ते झोंबायचं.

* * *

आता वच्छलाबाई. हिंगण्याच्या बाजूला त्यांचं वावर. वय साठीच्या पुढे, नऊवारी, हातात काठी आणि आवाज असा की तीन वावरं पलीकडचा बैल थांबावा. त्या भागात सगळी बरड जमीन, नुसता मुरूम. पण या बाईंचं वावर तेवढं काळंभोर. आम्हाला आनंदच झाला. शेजारच्या मुरमातली एक पिशवी घेतली, ती तीस नंबर. धुरा ओलांडून बाईंच्या वावरातली घेतली, ती एकतीस.

फॉर्म भरला. दहाच्या दहा रकाने. बाईंनी न अडखळता उत्तरं दिली. कपाशी, शेणखत, विहीर. मी पिशवी उचलून निघालो तर काठी आडवी आली.

"कुठं?"

"नागपूरला. तपासायला."

"मंग वापस कवा आनान?"

मी म्हटलं, "काय परत आणू?"

"माती."

माझं डोकं सटकलं. म्हटलं, "बाई, अर्धा किलो माती आहे! अख्खं वावर पडलं आहे तुमच्यासमोर!"

"वावर माहं हाय म्हूनच सांगून राहिली. तुमचं काम झालं का उरलेली वापस द्या. फेकू नोका."

बावीस वर्षांत शेकडो शेतकऱ्यांची माती आणली. कोणी चहा पाजला, कोणी हाकललं, एकानं कुत्रं सोडलं. माती परत मागणारी ही पहिलीच! प्रणालीनं मला डोळ्यानं खुणावलं, की द्या ना वचन, आपलं काय जाते. मी म्हटलं, "बरं. हिची पीएचडी झाली की परत देऊ." आमच्याकडे नियमच आहे, प्रबंध पास होईपर्यंत उरलेली माती ठेवून द्यायची असते.

बाईंनी माझ्यासमोर पदराच्या टोकाला गाठ मारली. "पाहा भाऊ, गाठ मारली. आता मी भुलत नाही."

परत येताना मी हिंगण्यापासून सीताबर्डीपर्यंत बडबडत होतो. अर्धा किलो मातीसाठी एवढा तमाशा! गजाननभाऊ म्हणाला, "तुम्हीच म्हनता ना, माती लय कीमती असते म्हून? त्या बाईले ते पटलं, त्याचा राग येऊन राहिला का?"

* * *

मधे एक नवरात्र येऊन गेलं. घटस्थापनेला वावरातली काळी माती लागते आणि शहरातल्या माणसाला वावर कुठून असणार? तेव्हा दरवर्षी आमच्या कॉलेजातले लोक डबे घेऊन माझ्याकडे येतात. चाळलेली, खडे काढलेली, एक नंबरची माती. अकाउंटवाले, लायब्ररीवाले, सगळे रांगेत!

त्या वर्षी मी वाटली आणि दुसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं, की बादली चुकली. प्रयोगासाठी काही माती आम्ही कुकरसारख्या एका मोठ्या मशीनमध्ये वाफेवर उकडतो, आतला एकही जंतू जिवंत राहू नये म्हणून. मी नेमकी ती वाटली होती! जंतू मेलेली माती, थेट देवीसमोर!

नऊ दिवस मी अकाउंटच्या खिडकीसमोरून गेलो नाही. कोणाला सांगायची सोय नाही. मंदाला सांगितलं तर ती म्हणाली, "देवीले हात जोडा अन् चूप बसा."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी अकाउंटचे साहेब लॅबमध्ये आले. मी खुर्चीवरून उठलोच. त्यांनी मोबाईल पुढे केला. घटावर हे एवढे, वीतभर उंच, दाट हिरवेगार अंकुर! लायब्ररीवाल्यांचेही तसेच. जन्मात एवढा घट उगवला नव्हता म्हणे.

जीव असा भांड्यात पडला म्हणता! त्या आनंदात मी खरं काय ते सांगून बसलो. आणि पुढच्या वर्षी सगळी रांग एकच मागणी घेऊन आली, "सुधाकरभाऊ, यंदाही ती कुकरवालीच द्या!"

मॅडमचं अख्खं आयुष्य लोकांना एकच गोष्ट सांगण्यात गेलं आहे, की जंतू असतील तरच माती चांगली. त्या दारातून ती रांग पाहत होत्या. "उकडल्यावर थोडे दिवस खत सुटतं, म्हणून उगवलं ते," त्या मला म्हणाल्या. मग आजूबाजूला पाहून हळूच, "पण ही गोष्ट या बिल्डिंगबाहेर जायला नको."

एक सांगतो. पहिल्या वर्षी रांग लागली तेव्हाही टेबलाखाली एकतीस नंबरची पिशवी होती, वर माझ्याच अक्षरात 'वच्छलाबाई, परत देणे'. माती कमी पडली तरी मी तिला हात लावला नाही. पदराची ती गाठ डोळ्यांसमोर यायची.

* * *

आणि मग तो रिपोर्ट आला.

डीएनए आम्ही काढतो, वाचायला बाहेर पाठवतो. सगळ्या पिशव्यांचा निकाल कॉम्प्युटरवर ठिपक्यांत दिसतो. ज्यांचे जंतू सारखे, ते ठिपके जवळजवळ. प्रणालीनं तो काढला आणि आम्ही सगळे पाहायला उभे राहिलो. मौद्याचे ठिपके एका बाजूला. हिंगण्याचे दुसऱ्या बाजूला. अगदी तिला हवं तसं.

फक्त एकतीस नंबर उठून थेट सात नंबरच्या मांडीवर बसला होता!

म्हणजे वच्छलाबाईच्या वावरातले जंतू धुऱ्यापलीकडच्या तीस नंबरशी ओळखसुद्धा दाखवत नव्हते आणि नागपूरच्या दुसऱ्या टोकाला, मौद्यात, शेषरावच्या बोडीकाठच्या जंतूंशी त्यांचं सख्ख्या बहिणीचं नातं!

मला वाटलं, मॅडम आता खर्ऱ्याचं म्हणतील. त्या म्हणाल्या नाहीत. त्यांनी दोन्ही पिशव्यांची लेबलं पाहायला मागवली.

पिशव्यांची अदलाबदल झाली असेल तर ती केली कोणी? लेबलं कोणाची? आणि दोन लेबलं चुकली असतील तर बाकीच्या पिशव्यांवर तरी भरवसा कोणी ठेवायचा? प्रणालीच्या रजिस्ट्रेशनची शेवटची मुदतवाढ चालू होती. तिला एका कॉलेजात नोकरी ठरलेली होती, अट एकच, पीएचडी. हे काम गेलं तर दोन्ही गेलं.

ती रडली नाही. तिनं झाडू घेतला आणि सगळी लॅब झाडून काढली. एकदा झाडली, मग पुन्हा झाडली. मला सरळ म्हणाली असती, "सुधाकरभाऊ, तुम्ही माझा घात केला," तर बरं वाटलं असतं. जाताना उलट मला म्हणाली, "भाऊ, जेवून घ्या, डबा तसाच हाय तुमचा."

घरी आलो आणि मंदासमोर मला रडू आलं. पन्नास वर्षांचा माणूस, खोटं काहून सांगू. म्हटलं, एका पोट्टीचं आयुष्य माझ्या अक्षरापायी जाते आहे.

मंदा पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून म्हणाली, "मंग पुन्हा आना ना माती! वावर काय कुठं पळून गेलं का?"

मोठमोठ्या डिग्र्यांची माणसं दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसली होती. कोणाला सुचलं नव्हतं!

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. खर्रा जीपमध्ये चढू दिला नाही. गजाननभाऊ म्हणाला, "आजच्या दिवस सोडतो. पोट्टीसाठी." त्याच्या तोंडून हे म्हणजे उपासच झाला. लेबलं मी शेतातच उभं राहून लिहिली, मोठ्यानं वाचली आणि तिघांच्या सह्या घेतल्या.

शेषरावकडचं काम पटकन झालं. त्यानं फक्त विचारलं, "भावाचे किती निघाले?"

हिंगण्याला वच्छलाबाई धुऱ्यावरच भेटल्या.

"पह्यलची आनली का?"

मी म्हटलं, "नाही, काम व्हायचं आहे अजून. आणखी थोडी पाहिजे."

"पह्यलची देली नाही अन् दुसरी मांगता? शरम हाय का काही? नाही भेटनार."

मी हात जोडले. गजाननभाऊनं हात जोडले. काठी काही बाजूला होईना. तेव्हा प्रणाली पुढे आली आणि बाईंच्या समोर मातीतच बसली.

"आजी, मी चार वर्सं यावर घातली. आता लोकं म्हनतेत का तुही माती खोटी हाय. तुम्ही पुन्हा देली तं मले खरं-खोटं करता येते. नाही देली तं मी घरी जातो."

आमच्याकडे पोट्ट्याही 'जातो, येतो' म्हणतात. बाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"कोनत्या गावची वं तू?"

"मौद्याकडची."

"मौद्याकडची?"

बाईंचा आवाज एकदम खाली आला. काठी बाजूला झाली. "घे माय. लागते तितकी घे. पन वापस करजो."

मला वाटलं, पोट्टी रडवेली झाली म्हणून बाई विरघळल्या. मी निघताना सांगितलं, की अमक्या तारखेला मोठे साहेब येतात, परीक्षा झाली की तुमची माती मोकळी. बाईंनी पदर चाचपला. गाठ तिथंच होती.

नवा रिपोर्ट यायला पंधरा दिवस लागले. ते पंधरा दिवस मी कसे काढले ते मंदाला विचारा. रिपोर्ट आला आणि प्रणालीनं बटण दाबलं. सात नंबर आपल्या जागी. आणि एकतीस नंबर पुन्हा त्याच्या मांडीवर!

लेबलं बरोबर होती! माझी लेबलं बरोबर होती! गजाननभाऊ धावत जाऊन सगळ्या लॅबसाठी तर्री-पोहे घेऊन आला. लॅबमध्ये बिस्कीटही खाऊ न देणाऱ्या मॅडमनी दोन प्लेटा खाल्ल्या.

तर्रीचा शेवटचा घोट घेऊन त्या म्हणाल्या, "माती खरी आहे, हे सिद्ध झालं. पण ही जुळी कशी, हे जर परीक्षकांनी विचारलं, तर आपण काय सांगणार?"

फॉर्मचे दहाच्या दहा रकाने आम्ही पुन्हा पुन्हा वाचले. पीक वेगळं, खत वेगळं, पाणी वेगळं.

* * *

व्हायवाचा, म्हणजे पीएचडीच्या तोंडी परीक्षेचा दिवस. मुदत संपायला एकच आठवडा राहिला होता, म्हणजे आज नाही तर नाहीच. परीक्षक बाहेरगावचे, मोठं नाव, मराठी बोलणारे पण हसणं माहीत नसलेले. व्हायवा सगळ्यांना खुली असते. हॉलमध्ये आमचे लोक, प्रणालीचे आई-वडील, मंदासुद्धा.

सुरू व्हायच्या जरा आधी गजाननभाऊ माझ्या कानाशी आला. "वच्छलाबाई आल्या. नातवाच्या लग्नाचं कापड घ्याले गांधीबागेत आल्या होत्या, तिथून इकडं. माती मांगून राहिल्या. मी मांगं एसीखाली बसवलं."

मी म्हटलं, आता नको, संपल्यावर पाहू. वळून पाहिलं तर शेवटच्या रांगेत बाई, मांडीवर कापडाची पिशवी, हातात पदराचं टोक.

प्रणाली छान बोलली. मोहल्ल्याचं वाक्य आलं तेव्हा गजाननभाऊनं आजूबाजूला पाहिलं. मग पडद्यावर दोन फोटो आले. एकीकडे शेषरावची बोडी, दुसरीकडे हिंगण्याचं काळंभोर वावर. परीक्षकांनी हात वर केला.

इंग्रजीत बराच वेळ विचारलं. प्रणाली म्हणाली, दोनदा तपासलं सर, नमुने खरे आहेत. कारण मला माहीत नाही.

"माहीत नाही?" त्यांनी प्रबंध मिटला. पेनाला टोपण लावलं. मॅडम जमिनीकडे पाहत होत्या. प्रणालीच्या आईनं मंदाचा हात धरला होता.

"अहो, तुमचा सगळा प्रबंध म्हणतो, दूर गेलं की जंतू बदलतात," परीक्षक आता मराठीवर आले, आवाज चढला. "आणि हे नेमके बदलत नाहीत! मला साधं सांगा, या बोडीकाठची माती त्या वावरात गेली कशी? चालत?"



"चालत नाही, साहेब. ट्रकनं."

सगळे मागे वळले. वच्छलाबाई उभ्या राहिल्या होत्या. काठीचं टोक पडद्यावरच्या बोडीकडे.

"ते माह्या बापाची बोडी हाय. आता माहा भाऊ शेषराव वाह्यते. माह्या लग्नात बाप हे वावर पाहाले आला, तं इथं नुसता मुरूम. बाप म्हने, माही पोट्टी खाईन काय? बोडी खंदून राहिला होता, ट्रक घरचाच होता. बाकीच्या पोरींले भांडे देले. मले शंभर ट्रक माती देली."

परीक्षक उभे राहिले. मॅडम उभ्या राहिल्या. प्रणाली खाली बसली. 'ही माती मुळची कुठली?' हा आमच्या फॉर्मचा अकरावा रकाना, तो यातून आला.

"सारी माती हिंगन्याले हाय साहेब," बाई म्हणाल्या, आणि काठी पडद्यावरून फिरून माझ्यावर आली. "अर्धा किलो तेवढी या भाऊंकडं अडकली. ते घ्याले आली."

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं, सहीचा कागद पुढे ओढला, आणि तसेच थांबून माझ्याकडे पाहून म्हणाले, "मी सही नंतर करतो. आधी यांची माती आणून द्या."